ढोलीत ठेवलेला आवाज

मी एक टॅब आहे, मित्रांनो. जुना म्हणावं तर माझं वय काहीच नाही. काचेला तडा नाही, कोपरा झिजलेला नाही, पाठीवर घरच्या आजी रुखमिणीबाईंनी लावलेला काजळाचा ठिपकाही अजून पुरता पुसलेला नाही. पण या घरात आता माझ्याकडे कोणी फारसं बघत नाही, आणि बघितलंच तर नजर पटकन दुसरीकडे वळवतात. घरातल्यांनी नजर चुकवली की नवी वस्तूसुद्धा म्हातारी होते. माझी गोष्ट सुरुवातीला तुम्हाला गमतीची वाटेल, पण हसण्याची घाई करू नका.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. हातमोजे घातलेल्या मुलींनी मला जोडलं, पुसलं आणि डब्यात निजवलं. आम्ही भावंडं पुष्कळ होतो. रूप एक, अंग एक, फरक काय तो पोटात. कोणाच्या पोटात बत्तीस जीबी, कोणाच्या चौसष्ट, कोणाच्या एकशे अठ्ठावीस. तो आकडा डब्याच्या कोपऱ्यात इतक्या बारीक अक्षरांत छापतात, की वाचायला चष्मा लागावा. माझ्यावर बत्तीस होतं. आणि खरं सांगायचं तर तेही सगळं रिकामं नसतं. निम्मी जागा मी स्वतःच अडवून बसलेला असतो. हे मात्र डब्यावर कुठंच छापत नाहीत.

तुमसरला टेकचंदच्या दुकानात मी काचेच्या कपाटात उभा होतो. समोर राईस मिल, त्यामुळे काचेवर सदा कोंड्याची धूळ. एके दिवशी चौघं जण आत आले. पुढं होता भुपेंद्र, त्या मिलमध्ये ट्रक चालवणारा. त्याच्यामागं त्याची मुलगी उर्वशी, आई रुखमिणीबाई आणि वडील श्रावणबाबा. नाकाडोंगरीकडच्या गावांत श्रावणबाबांना ओळखत नाही असा माणूस सापडायचा नाही. दिवाळीनंतर मंडई म्हणजे गावची जत्रा भरते, मंडईत खडी गंमत, म्हणजे आमच्याकडचा डफावरचा तमाशा, उभी राहते, आणि खडी गंमत म्हटली की डफ हातात घेतलेला श्रावण शाहीर. त्यांनी गण धरला की पाळण्यातलं लेकरूही रडायचं थांबतं, असं लोक म्हणत.

पण त्यांच्या गळ्यात गाठ निघाली होती. आयुष्यभर गालात धरलेल्या तंबाखू-सुपारीच्या खर्र्यानं आपलं काम केलं होतं. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. शाहीर ऐकेचनात. आवाज देऊन नुसता जीव कायले वाचवू, म्हणाले. शेवटी नात पुढं झाली. आबाजी, तुमचा आवाज टॅबमध्ये राहीन, मंडईत भोंग्यावर लावू, झीलकरी मागं झील धरतील, असं तिनं त्यांना पटवलं. तेवढ्या एका बोलावर म्हातारा ऑपरेशनला राजी झाला. म्हणजे बघा मित्रांनो, डब्यातून बाहेर यायच्या आधीच माझ्या पोटावर केवढा भार येऊन पडला होता!

"व्हिडिओ लय जागा खाते जी," टेकचंद म्हणाला. "एकशे अठ्ठावीसचा घ्या."

"गान्याले काय जागा लागते?" श्रावणबाबा घोगऱ्या आवाजात हसले. "एवढे साल माह्या डोस्क्यात मावले. अन् डोस्कं पाय, केवढुसं आहे!"

"आबाजी, तुमचं डोस्कं कंपनीनं नाही बनवलं," उर्वशी म्हणाली. "मोठाच घ्या, मी सांगून राहिली ना."

भुपेंद्रनं दोन्ही डबे हातात धरून पाहिले, जणू वजनातला फरक कळणार होता. "नागपूरच्या किती चकरा लागतीन कोन जाने. बत्तीसचा बस झाला. कमी पडला तं मंडईच्या आंधी कार्ड टाकू."

 रुखमिणीबाईंनी नातीला विचारलं, "बत्तीस म्हंजे किती व? एक ढोलीभर होते का?"

ढोली तुम्हाला ठाऊक नसेल तर सांगतो. बांबूच्या कामट्यांची, शेणामातीनं लिपलेली, पुरुषभर उंच गोल टोपली, वर झाकण. वर्षभराचं धान तिच्यात राहतं. या भागात घराची अब्रू ढोलीवरून कळते.

उर्वशीला हसू फुटलं. "हो आजी, ढोलीच समज."

दुकानातले सगळेच हसले. तेव्हापासून घरात माझं नाव ढोली पडलं. तो शब्द मला आवडायचाही. आता कोणी उच्चारला की मला धडकी भरते.

धानाची रोवणी आटोपली आणि रोज दुपारी सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, आमची बैठक बसू लागली. श्रावणबाबा डफ शेकून घेत, रुखमिणीबाई मला तांदळाच्या डब्याला टेकवून उभं करत आणि उर्वशी रेकॉर्डिंगचा लाल गोळा दाबून दाखवी. काही दिवसांत ते दाबणं आजीच शिकल्या. चिखलात रोवणी करून त्यांची बोटं इतकी निबर झाली होती की माझ्या काचेला त्यांचा स्पर्शच कळेना. मग त्या बोट लुगड्याला घासायच्या, फुंकर मारायच्या आणि पुन्हा दाबायच्या. गण झाला, गवळणी झाल्या, सवाल-जवाबाचे झगडे झाले. शेजारपाजारचे येऊन बघायचे, आपलाच शाहीर काचेत गाताना पाहून तोंडात बोट घालायचे. दृष्ट लागेल म्हणून आजींनी माझ्या पाठीला काजळ लावलं ते याच दिवसांत. माझ्या आयुष्यातले सुखाचे दिवस कोणते, असं विचाराल तर हेच.

पण आवाज दिवसागणिक बसत चालला होता, आणि मी भरत चाललो होतो. उर्वशीच्या अभ्यासाचे धडेही माझ्यातच होते, ते काही थोडे नव्हते. पुढं कॉलेजसाठी ती भंडाऱ्याला होस्टेलवर गेली. जाताना म्हणाली, "पप्पा, कार्ड आना." भुपेंद्र हो म्हणाला. ट्रकच्या फेऱ्यांत ते राहून गेलं. आज आणू, उद्या आणू. कार्ड नखाएवढं असतं हो, खिशात मावलं असतं! माझ्या माथ्यावर लाल पट्टी येऊ लागली. इंग्रजीत लिहिलेलं असायचं, जागा संपत आली. आजी बोटानं ती पट्टी बाजूला सारायच्या, अंगणातली कोंबडी हाकलावी तशी.

पोळा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी नागपूरला निघायचं होतं. भुपेंद्र पिशव्या भरत होता. श्रावणबाबा डफ घेऊन सपरीत येऊन बसले आणि म्हणाले, "रुखमे, आज मोठा गण म्हनतो. लाव तुही ढोली."

मोठा गण त्यांनी मागं ठेवला होता. त्यांच्या गुरूंकडून आलेला, वर्षातून एकदा मंडईच्या सुरुवातीलाच म्हणायचा. आजींनी लाल गोळा दाबला. मी नकार दिला. पुन्हा दाबला. पुन्हा नकार. जागाच नव्हती मित्रांनो, मी तरी कुठून देणार?

आजींनी उर्वशीला फोन लावला. आमच्या गावात जंगलाकडून वारा आला की आवाज तुटतो. पलीकडून पोरगी सांगत होती, "आजी, त्याच्यात जुने आहेत ना माहे धडे..." मधलं सगळं खरखरीत गेलं. एवढंच पोचलं, "...जुने काढ, मंग जागा होते."

जुने. आजींच्या लेखी जुनी म्हणजे आधी भरलेली. आणि आधी भरली होती ती गाणीच. जन्मभर ढोलीत धान भरलेल्या बाईला हे शिकवावं लागत नाही. नवं यायच्या आधी जुनं नीट उचलून ठेवायचं. पण ठेवायचं कुठं? त्यांनी मला डोळ्यांजवळ धरलं. एका गाण्यावर बोट दाबून धरताच खाली एक छोटं चित्र उगवलं. गोल उंच भांडं, अंगावर उभ्या रेघा कामट्यांसारख्या, वर झाकण.

"अगं माय," आजी आनंदानं म्हणाल्या, "हे तं ढोलीच आहे!"

मी काय करू शकत होतो? मला तोंड नाही. मला येतो तेवढाच प्रश्न मी विचारला, तोही इंग्रजीत, नक्की ना? आजींना दोन शब्दांपैकी निळा शब्द दाबायचा एवढं माहीत होतं. एकेक गाणं त्यांनी जपून उचललं आणि त्या भांड्यात टाकलं. गण, गवळणी, झगडे, सगळं. बियाण्याचं धान ठेवावं तशा निगुतीनं टाकत होत्या. शेवटचं टाकून झाल्यावर त्यांनी मला हात जोडले. मित्रांनो, त्या वेळी माझी काच आपोआप फुटली असती तर बरं झालं असतं.

एवढं करूनही जागा झाली नाही. कारण ती ढोलीही माझ्याच पोटात होती. लाल गोळा पुन्हा अडला.

"राहू दे व," श्रावणबाबा म्हणाले. "तू आयक. मंग झालं." आणि त्यांनी मोठा गण म्हटला. घोगरा, मध्येच फाटणारा, खालच्या पट्टीत. आजी पदर तोंडाला लावून ऐकत होत्या. मीही ऐकत होतो. ठेवता मात्र आलं नाही.

पिशवीची चेन ओढत भुपेंद्रनं विचारलं, "माय, गाने नीट आहेत ना?"

"सारे ढोलीत टाकून ठेवले रे."

"बरं केलं," तो म्हणाला. मला या घरात ढोलीच म्हणत ना! त्याला वाटलं गाणी माझ्यात आहेत. आजींनी मला लुगड्याच्या घडीत गुंडाळून पेटीत ठेवलं, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली.

आता माझा स्वभाव सांगतो. त्या भांड्यात पडलेलं मी लगेच फेकत नाही, महिनाभर सांभाळतो. तेवढ्यात कोणी मागितलं तर जसंच्या तसं परत देतो. महिना उलटला की मात्र मी कोणाला विचारत नाही. मला घडवणाऱ्यांनी मला तसंच घडवलंय. पेटीच्या अंधारात माझा जीव कमी कमी होत गेला आणि एक दिवस मी विझलो. तिकडे नागपुरात शाहिराच्या गळ्याला भोक पडलं, मग किरणांचे शेक सुरू झाले. उर्वशी फोनवर विचारायची, आजी सांगायच्या, "गाने बंदोबस्तात आहेत, तू फिकर नोको करू." दिवस जात राहिले. कोणी पेटी उघडली नाही.

दसरा होऊन गेला, मग तिघं नागपूरहून परतले. उर्वशी दिवाळीच्या सुट्टीत आली. आल्या आल्या तिनं मला बाहेर काढलं, चार्जरला लावलं. मी जागा झालो, तारीख पाहिली आणि पहिलं काम केलं ते झाडलोटीचं. पापणी लवायच्या आत ढोली साफ झाली.

"आजी, गाने कोठी गेले?"

"ढोलीत आहेत ना व."

"कोनत्या ढोलीत?"

आजींनी बोट घासलं, फुंकर मारली आणि त्या चित्रावर ठेवलं.  उर्वशी खाली बघत म्हणाली, "आजी, हे ढोली नाही. कचरापेटी आहे."

  रुखमिणीबाई नुसतं आपलं बोट उलटंसुलटं करून पाहत राहिल्या. भुपेंद्र मला घेऊन तुमसरला धावला. टेकचंदनं तारा जोडल्या, खटपट केली आणि मान हलवली. येताना भुपेंद्रनं कार्ड आणलं. ते अजून त्याच्या शर्टाच्या खिशात आहे.

शाहिराला सांगायचं कोणी? ते रोज संध्याकाळी माझ्याकडे बोट करत, लावा म्हणून. गळ्याला रुमाल, त्याखाली नळी. घरचे सांगत, चार्जिंग नाही, मंडईले लावू. ते समाधानानं मान डोलवत. त्यांच्या त्या मान डोलावण्याची मला भीती वाटायची.

मित्रांनो, म्हणून हात जोडून सांगतो. टॅब घ्यायला जाल तेव्हा आकडा किमतीच्या शेजारी ठेवून बघू नका, त्यात काय ठेवायचं आहे त्याच्या शेजारी ठेवून बघा. जे पुन्हा मिळणार नाही ते एकाच पोटात ठेवू नका. दोन जागी ठेवा, तीन जागी ठेवा. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला लाल गोळा शिकवलात तसं ते भांडं कसलं आहे तेही शिकवा. दोन मिनिटं लागतात. आमच्या घरी कोणाला ती मिळाली नाहीत.

मंडईच्या दिवशी दुपारी झीलकरी धोतरं नेसून दारात आले. मैदानात भोंगा बांधून झाला होता. श्रावणबाबा फेटा बांधून बसले होते. त्यांनी मला मागितलं. तेव्हा रुखमिणीबाई पुढं झाल्या, नवऱ्याच्या पायाशी बसल्या आणि म्हणाल्या, "अजी, तुमचा आवाज नाही त्याच्यात. मीच टाकला. मले ढोली वाटली."

शाहिरांनी त्यांच्याकडे पाहिलं. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मला मांडीवर घेतलं, गाणी होती तिथली रिकामी पानं एकदा सारून पाहिली. मग मला तांदळाच्या डब्याला टेकवून उभं केलं, लाल गोळा दाबला आणि समोर बसून डफावर थाप मारली. झीलकरी सवयीनं सरसावले. श्रावणबाबांनी तोंड उघडलं, मान वर केली, छाती भरून घेतली, आणि रुमालाखालच्या नळीतून नुसती हवा आली. त्यांनी पुढची ओळ धरली. पुन्हा हवा. संबंध गण ते तसाच म्हणत गेले, आणि कोणाची त्यांना थांबवायची हिंमत झाली नाही. मी सगळं टिपत होतो. या वेळी जागा भरपूर होती.