पिवळा टिपका

डॉक्टरीणबाईंची पिकअप गॅरेजात आली, तेव्हाच धाकट्याने मनाशी ठरवून टाकलं की हे काम दादा करेल आणि एकटा करेल. नीट झालं तर दादा गॅरेजात राहील. नाही झालं, तर वहिनींना सांगायचं, आता त्याला घरीच ठेवा.

धाकटा म्हणजे वय वर्षं त्रेपन्न, डोक्यावर मोजून वीस केस; पण दादासमोर अजून धाकटाच. दोघांनी मिळून एकतीस वर्षं हे गॅरेज चालवलं होतं. गेल्या वर्षापासून दादाच्या डोक्यातून एकेक गोष्ट निघून चालली होती. आधी माणसांची नावं गेली, मग वार गेले, आणि एकदा तर स्वतःच्याच घराच्या जिन्यात उभा राहून तो शेजाऱ्यांना विचारायला लागला की इथे वरती राहतं कोण. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की हे आता उलटं फिरायचं नाही. हाताला सवयीचं काम आहे तेवढं करू द्या, म्हणाले. घरी असला की दादा खुर्ची भिंतीकडे फिरवून बसायचा. पाना हातात आला की तोच माणूस शीळ घालायचा.

"भाऊजी, गॅरेज सुटलं तर ते महिनाभरही तग धरायचे नाहीत," वहिनी म्हणाल्या होत्या. वहिनी उगाच बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या, म्हणून धाकट्याला ते जास्तच लागलं होतं.

पिकअप जुनी होती, चारही चाकांना जोर देणारी. बाई गुरांच्या डॉक्टर. अडलेल्या गायी सोडवायला डोंगरावरच्या वस्त्यांवर जायच्या. तिथल्या उभ्या चढावर गाडी लोमध्ये, म्हणजे चढासाठीच्या सगळ्यात जोरकस गिअरमध्ये, टाकली की गिअरचा दांडा आपोआप निसटायचा आणि गाडी मागे घरंगळायची.

"परवा अर्ध्या चढावर मी देवाचा धावा केला," बाई म्हणाल्या, "आणि मी देव मानत नाही."

"मग त्यानेही तुम्हाला मानलं नसेल. गाडी सोडून जा," दादा म्हणाला. दोघं हसले. धाकटा दादाकडे बघतच राहिला. असा दादा त्याला महिनोन्महिने दिसला नव्हता.

गिअरबॉक्सच्या मागे बसून पुढच्या आणि मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा तो जड डबा, म्हणजे ट्रान्सफर केस, दादाने आजवर दीडेकशे वेळा तरी खोलला असेल. त्याने तो जॅकवर घेऊन अलगद खाली उतरवला, दोन फाका केल्या आणि आतला संसार पुठ्ठ्यावर ओळीने मांडला. आतली चेन दोन्ही हातांत आडवी धरली, तर ती मधोमध लोंबली.

"हिचं वय झालं," दादा म्हणाला. "आणि हा बघ तुझा चोर." दांडा ज्या चिमट्याला ढकलतो, त्या चिमट्याच्या कडा झिजून अर्ध्यावर आल्या होत्या. "याची पकड गेली. मग गाडी लोमध्ये राहील कशी?"

नवी चेन आली, चिमटा आला, बेअरिंगं आणि सीलं आली. तीन दिवस काम चाललं. धाकटा शेजारच्या गाडीखाली पडून राहायचा आणि एक डोळा इकडे ठेवायचा. दुपारी वहिनी दादाला जेवायला घेऊन गेल्या की तो गुपचूप येऊन आतलं सगळं तपासायचा. दुसऱ्या दिवशी एक वॉशर उलटा बसलेला सापडला. त्याने तो सुलटा केला, हात पुसले आणि कुणाला काही सांगितलं नाही. एवढं तर कुणाचंही होतं, असं त्याने स्वतःला समजावलं. तो स्वतःलाच फसवत होता आणि ते त्याला कळतही होतं.

तिसऱ्या दिवशी दादाने डबा बंद केला. चौदा बोल्ट, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर पिवळ्या रंगाचा टिपका.

हा टिपका या गॅरेजचा कायदा होता. एका गाडीवर दोघांचे हात पडणार, मग कुठला बोल्ट पुरता आवळला आणि कुठला नुसता लावून ठेवला, हे कसं कळणार? म्हणून दादाने अगदी सुरुवातीला ठरवून दिलं होतं. बोल्ट पुरता आवळून पाना टक् वाजला की लगेच टिपका द्यायचा. टिपका दिसला की दुसऱ्याने विचारायचं नाही आणि पाना तर मुळीच लावायचा नाही. एकतीस वर्षांत दोघांची भांडणं पुष्कळ झाली, दोनदा अबोला झाला, पण एकमेकांच्या टिपक्यावर कुणी पाना लावला नाही. धाकट्याने आतलं सगळं तपासलं होतं. टिपके मात्र त्याने नुसते मोजले. चौदा भरले आणि त्याचा जीव भांड्यात पडला.

डबा वर चढवला, तेल भरलं, आणि दोघं गाडी घेऊन गावाबाहेरच्या खडीच्या चढावर गेले. धाकट्याने गाडी लोमध्ये टाकली. गाडी गुरगुरत चढली, मध्येच थांबवली तरी जागची हलली नाही. दांडा ठाम.

"काय?" दादा म्हणाला.

"झकास," धाकटा म्हणाला. वहिनींना काय सांगायचं, तेही त्याने मनातल्या मनात जुळवून ठेवलं.

वर पोचल्यावर वळवायला जागा बघायला धाकटा उतरला, तर चाकांच्या मागे खडीवर तेलाची रेघ दिसली. धाकटा गाडीखाली शिरला. डब्याच्या जोडातून तेल पाझरत होतं. टिपके सगळे जागच्या जागी, पिवळेधमक. त्याने पहिल्या बोल्टला बोटं लावली आणि बोल्ट चक्क बोटांनी फिरला. दुसराही फिरला. चौदांतले नऊ नुसते अडकवलेले होते.

बाहेर यावंसं त्याला वाटेना.

"दादा," शेवटी तो म्हणाला, "हे आवळले होतेस ना?"

"टिपका आहे का?"

"आहे."

"मग विचारतोस काय? टिपका आहे म्हणजे आवळलाय."

"ढिले आहेत रे."

दादा भडकला. "तूच ढिले केले असशील! मला घरी बसवायचंय तुम्हाला. ती आणि तू, दोघं मिळून. मला काही कळत नाही असं वाटतं का तुम्हाला?" तणतणत तो गाडीखाली शिरला आणि त्याने स्वतः बोल्टला हात लावला. एक फिरवला. दुसरा फिरवला. मग हात काढून घेतला. दोघं भाऊ गाडीच्या पोटाखाली शेजारी शेजारी पडून होते आणि वरून तेलाचे थेंब धाकट्याच्या बाहीवर पडत होते.

"म्हणजे आधी टिपका देतो मी," दादा हळूच म्हणाला. "आणि मग टिपका बघून पुढे जातो."

धाकट्याने बाही बाजूला घेतली.

"मग याच्या आधीच्या गाड्या?" दादाने विचारलं.

हे धाकट्याच्या मनातही आलं नव्हतं. गेल्या वर्षभरात किती चाकं, किती ब्रेक, किती स्टिअरिंगं दादाच्या टिपक्यावर बाहेर पडली होती! शाळेची गाडी होती त्यांत. आणि टिपका दिसला म्हणून त्यातल्या एकालाही त्याने पाना लावला नव्हता.

"कुणाकुणाच्या होत्या, आठवतात तुला?" त्याने विचारलं.

दादाने डोळे घट्ट मिटून आठवून बघितलं. मग त्याला रडू फुटलं. "सगळ्यांना बोलावून घे. आजच. आणि उद्यापासून मी यायचं नाही. मी स्वतः सांगतोय, तुला वाईट वाटायला नको."

ते नऊ बोल्ट धाकट्याने तिथेच आवळले. घरी पोचल्यावर दादाने वहिनींनाही तेच सांगितलं, अगदी नीट, शब्द न चुकता. वहिनी दाराला टेकून ऐकत राहिल्या. धाकट्याने गॅरेजच्या वहीतून नंबर काढून संध्याकाळपर्यंत फोन केले. शाळेची गाडी आधी बोलावली. तिच्या मागच्या चाकाचे दोन बोल्ट हाताने निघाले. त्याला त्या रात्री जेवण गेलं नाही. पण एवढं तरी झालं, असं त्याला वाटत होतं, की 'आता येऊ नकोस' हे त्याला दादाच्या तोंडावर म्हणावं लागलं नाही. दादाने त्याची तेवढी सुटका केली होती.

सकाळी त्याने शटर वर केलं. पिकअप जोडाचं सील नव्याने बसवायला स्टँडवर उभी होती, शाळेची गाडी उघडी पडली होती, बाहेर आणखी तीन गाड्या रांगेत होत्या. तेवढ्यात दादा आला. दाढी केलेली, कामाचे कपडे घातलेले, बाह्या दुमडलेल्या. मागे कोपऱ्यावर वहिनी उभ्या होत्या. त्यांनी हात हलवला. अडवता आलं नाही, एवढंच त्यातून कळलं.

"चल, बाईंची पिकअप आज खोलू या," दादा म्हणाला. "लो निसटतोय ना तिचा?"

धाकट्याने तोंड उघडलं. काल 'यायचं नाही' हे दादाच म्हणाला होता, आज ते त्याला म्हणायचं होतं. आणि उद्या. आणि परवा. त्याच्याच्याने होईना.

"आज सुट्टी आहे, दादा."

दादाने त्याच्या खांद्यावरून आत बघितलं. स्टँडवरची पिकअप, हत्यारांच्या उघड्या पेट्या, रांगेतल्या गाड्या, सगळं बघितलं.

"असं होय," तो म्हणाला. "मग तू कशाला आलास?"

"थोडं राहिलं होतं माझं."

"फार राबतोस तू," दादा म्हणाला. त्याने धाकट्याच्या पाठीवर थाप मारली आणि वहिनींकडे चालू लागला. त्याला ते खरं वाटलं होतं.