मंगलाष्टकांचा लिंक ऑफिसर

शिवांगीच्या लग्नाचा मुहूर्त दहा वीसचा, आणि सकाळी सात वाजता मी, म्हणजे तिची आत्या, प्रिंटरच्या नावाने बोटं मोडत बसले होते. बाबांनी नातीसाठी मंगलाष्टकं रचली होती आणि शेवटची ओळ त्यांना सुचली आज पहाटे! हात थरथरतो म्हणून टाइप केलेली, नजर अधू म्हणून मोठ्या अक्षरांत छापून हवी. फरीदाबादमध्ये इतक्या सकाळी कुठलं दुकान उघडं असणार?

बाबांच्या कम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स मीच मोठ्या तोऱ्यात टाकलं होतं. प्रिंटर माझ्या भावाने, प्रतीकदादाने, करोल बागेतून आणलेला, डिस्काउंट बघून. त्याचा ड्रायव्हर, म्हणजे कम्प्युटरचं म्हणणं प्रिंटरला समजावणारा प्रोग्रॅम, लिनक्ससाठी कुणी बनवलाच नव्हता.

"बाबा, पाठ आहेत की तुम्हाला!" मी वैतागले.

"आहेत. पण तुझ्या आईच्या नावाची ओळ आली की गळा दाटतो गं. कागद समोर असला की वाचून काढता येतं. सदतीस वर्षं मिनिस्ट्रीत नोट्सच वाचल्यात."

आई जाऊन दोन वर्षं झाली होती. मला एकदम रडू आलं आणि स्वतःचा रागही.

"या मॉडेलचा ड्रायव्हर नाहीच, बाबा. बिल्कुल नाही."

"मग लिंक ऑफिसर कोण आहे?"

"म्हणजे?"

"आमच्याकडे साहेब रजेवर गेले की शेजारच्या सेक्शनचे साहेब सही करायचे. तो लिंक ऑफिसर. फाइल अडायची नाही."

मी ड्रायव्हरांची यादी पुन्हा उघडली. त्याच कंपनीच्या, सात वर्षं जुन्या दुसऱ्या मॉडेलचा ड्रायव्हर तिथे होता. तो लावला आणि प्रिंट दाबलं. यंत्र घुरघुरलं, थांबलं, माझा जीव टांगणीला लागला, आणि कागद बाहेर आला. अक्षरं ठसठशीत, एक वेलांटीही तुटलेली नाही! हुश्श! मी बाबांना मिठीच मारली.

"अगं, कागद चुरगळेल," ते म्हणाले.

अंतरपाटापाशी बाबा कागद घेऊन उभे राहिले. आईच्या ओळीशी कागद जोरात थरथरला. बाबांनी ओळीखाली बोट धरलं, चष्मा सावरला आणि फाइलवरची नोट वाचावी तसं 'चंद्रप्रभा' हे नाव मोठ्याने, स्पष्ट वाचलं. 'शुभमंगल सावधान' म्हणायला मात्र माझ्याच तोंडातून आवाज फुटेना.