सर म्हणायचे

‘मृत्यूच्या हाती माणूस लागतो, त्याचा विचार लागत नाही,’ असं सर म्हणायचे. निदान शोकसभेच्या व्यासपीठामागे लावलेल्या फलकावर तरी तसं म्हणायचे. प्रत्यक्षात सर असं काही कधीच म्हणाले नव्हते. हे वाक्य गाद्यांच्या एका दुकानाच्या उद्घाटनात जन्माला आलं होतं, आणि त्याचा जन्मदाता पहिल्या रांगेत हाताची घडी घालून, फलकाकडे नजर जाऊ नये म्हणून स्वतःचे बूट बघत बसला होता.

त्याला सगळे पट्टशिष्य म्हणत. सरांनी तत्त्वज्ञान पुष्कळांना शिकवलं, पण त्यावर पोट भरलं ते या एकट्याचं. तो व्याख्याता होता. बँकेतले कर्मचारी, नवे डॉक्टर, निवृत्तीला आलेले इंजिनिअर, कोणालाही जगावं कसं ते तो पाऊण तासात सांगून मोकळा होई. धंद्याच्या सुरुवातीलाच त्याच्या ध्यानात आलं होतं की आपण आपल्या नावावर एखादं झकास वाक्य टाकलं तर लोक खोकतात. तेच ‘आमचे सर म्हणायचे’ असं म्हणून टाकलं तर पेन शोधतात. मग काय, वर्षामागून वर्षं सर म्हणतच राहिले. सर अपयशाबद्दल म्हणाले, म्हातारपणाबद्दल म्हणाले, आणि एकदा तर भिंतीच्या टिकाऊ रंगाबद्दलही म्हणाले, कारण त्या कार्यक्रमाचा खर्च रंगाच्या कंपनीने उचलला होता.

शोकसभा छान रंगली. एक दातांची डॉक्टर उठली. ती सरांच्या कॉलेजातली जुनी विद्यार्थिनी. म्हणाली, “मी नापास झाले तेव्हा सर मला जिन्यात भेटले. म्हणाले, ‘पोरी, पडणं म्हणजे जमिनीशी झालेली ओळख.’” आणि तिने डोळ्यांना रुमाल लावला.

पट्टशिष्याने मान वर केली. हे वाक्य त्याने गेल्याच वर्षी वर्तमानपत्रातल्या आपल्या सदरात लिहिलं होतं. बाई नापास झाल्या त्याला एक पिढी उलटली असेल. पण बाई खोटं बोलत नव्हत्या. डोळ्यांतलं पाणी अस्सल होतं. मग टायरचा व्यापारी उठला, मग एक वकील. शेजाऱ्यांच्या पंगतीत एकामागून एक आपल्याच घरची भांडी निघावीत, तसं झालं.

त्याची पाळी आली. आज एक तरी खरी गोष्ट सांगायची, असं ठरवून तो माइकपाशी गेला. पण जिभेला वळण पडलेलं. “सर मला शेवटच्या भेटीत म्हणाले...” इथून त्याने सुरुवात केली, आणि शेवटची भेट नेमकी कधी झाली ते आठवायच्या आत वाक्य पुरं झालंसुद्धा. शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत. वाजल्या.

कॉलेजचे प्राचार्य इतके भारावले की त्यांनी तिथल्या तिथे पुस्तक जाहीर केलं. ‘सर म्हणायचे.’ संकलन पट्टशिष्याचं. आणि प्रस्तावना, ‘घरातले सर’ या विषयावर, काकूंची. काकू म्हणजे सरांच्या पत्नी. त्या मांडीवरच्या पर्सची चेन उघडत होत्या आणि लावत होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकूंचा फोन आला, जरा येऊन जा म्हणून.

“चपला आत घे,” दार उघडता उघडता काकू म्हणाल्या. “मांजर झोपतं त्यांच्यावर.”

खोली होती तशीच होती. खिडकीशी खुर्ची, खुर्चीवर वर्तमानपत्रांची चळत, तिच्यावर श्रवणयंत्राच्या सेलचं पाकीट. पट्टशिष्य दुसऱ्या खुर्चीत टेकला. काकूंनी चहा आणला.

“ती प्रस्तावना मला जमायची नाही. तू सांग त्यांना.”

“काकू, दोन पानं तर हवीत. सर घरात काय बोलायचे तेवढं लिहा.”

“तिथंच तर घोडं अडलंय. काय बोलायचे? ‘गॅस बंद केलास का’ म्हणायचे. ‘माझा चष्मा’ म्हणायचे. नुसतं तेवढंच, पुढचं आपण समजून घ्यायचं. काल ती दातांची डॉक्टर काय सांगत होती. अरे, जिन्यात म्हणाले तिला. जाता-येता. आणि मी उभा जन्म त्यांच्यासमोर बसून जेवले.”

पट्टशिष्य चहावरची साय बघत राहिला.

“काल तिथे बसल्या बसल्या आठवत होते,” काकू म्हणाल्या. “एक तरी वाक्य. नाही रे. त्यांना वाटलं असेल, हिला काय कळायचंय. चुकलं नाही त्यांचं, माझं शिक्षण ते केवढं. मला राग नाही. पण पुस्तकात कसं लिहू, की मला काही म्हणालेच नाहीत?”

दूध उतू गेलं हे सांगावं तशा आवाजात त्या हे सांगत होत्या. धरणीने पोटात घ्यावं असं वाटण्याचा हा प्रसंग. पण काकूंची फरशी पक्की होती. आणि खरी लाज पुढेच होती. पट्टशिष्याच्या जिभेवर एक वाक्य आपसूक येऊन उभं राहिलं होतं. ‘काकू, सर नेहमी म्हणायचे, की...’ गोल, गोड, तयार. त्याने तोंड मिटलं. या धंद्यात पहिल्यांदाच.

“काकू, ते म्हणालेच नाहीत.”

“कोणाला?”

“कोणालाच नाही. ती वाक्यं माझी आहेत.”

“सगळी?”

“सगळी.”

“ते फलकावरचं?”

“गाद्यांच्या दुकानात सुचलं.”

“आणि जिन्यातलं? अरे, छातीवर हात ठेवून सांगत होती ती.”

“पेपरात वाचलं असेल. आता तिला वाटतंय की सर म्हणाले.”

काकूंनी कप खाली ठेवला. “त्यांना ठाऊक होतं हे?”

“एकदा माझ्या व्याख्यानाला आले होते. नंतर म्हणाले, ‘वाक्य चांगलं आहे. मी कधी म्हटलं?’ मी म्हटलं, सर, आशय तुमचाच. तर म्हणाले, ‘असेल.’”

“कुठलं वाक्य? ते दुःख भाड्याने राहतं, ते?”

“तुम्हाला कसं माहीत?”

“मला नाही तर कोणाला. कितीतरी दिवस त्याच्या मागे होते. दाढी करता करता थांबायचे, साबण गालावर वाळायचा. म्हणायचे, ‘मी असं म्हणालो म्हणे. पण हे खरं आहे का?’ मी म्हटलं, सोडा हो. तर म्हणाले, ‘आता माझ्या नावावर आहे, सोडून कसं चालेल?’”

पट्टशिष्याला कोणी भर चौकात चार शिव्या दिल्या असत्या तरी इतकं लागलं नसतं. तो म्हणाला, “म्हणजे बोलायचे की तुमच्याशी.”

“ते काय बोलणं झालं? ते डोकं खाणं. मग वर्गात खरं काय म्हणायचे?”

त्याला शोधावं लागलं. आपणच रचलेल्या वाक्यांची अडगळ बाजूला सारत तो मागे मागे गेला, आणि एकदम सर दिसले. फळ्यासमोर, पाठमोरे, खांद्यावर खडूची पूड.

“‘थांबा, हे बरोबर नाही.’ असं म्हणायचे. एक ओळ लिहायचे, चार पावलं मागे येऊन बघायचे, आणि बाहीने पुसून टाकायचे. दुसऱ्या दिवशी यायचे ते, ‘काल मी सांगितलं ते चूक होतं, वहीतून काढा’ म्हणत. परीक्षा आली तरी आमच्या वह्यांत नुसती खाडाखोड. एक वाक्य धड ठेवलं नाही त्यांनी.”

काकू पहिल्यांदा हसल्या. “लग्नाआधी मला म्हणाले, ‘तू मला आवडतेस.’ दोन दिवसांनी परत आले. म्हणाले, ‘आवडतेस हा शब्द बरोबर नव्हता. नीट विचार करून सांगतो.’”

“मग?”

“मग लग्न झालं. विचार चालूच होता.”

पट्टशिष्य उठून उभा राहिला. “मी आजच प्राचार्यांकडे जातो. पुस्तक रद्द. सगळ्यांसमोर माफी मागतो.” हे म्हणत असतानाच त्याच्या लक्षात आलं की माफीच्या भाषणाचं पहिलं वाक्य मनात तयार झालंय, आणि ते चांगलं आहे. त्याची लाज वाटून तो पुन्हा खाली बसला.

काकू कप गोळा करत होत्या. “रद्द कशाला? ती डॉक्टर उगाच रडेल.”

“पण काकू, खोटं आहे ते.”

“आहेच.”

त्या आत गेल्या. नळ सुरू झाला, बंद झाला. मग पदराला हात पुसत त्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

“पुस्तक निघणारच असेल, तर त्यात एक माझ्याबद्दलचं कर ना. छोटंसं चालेल. ते शब्द शोधत बसले. तुला पटकन सुचतं.”

पट्टशिष्याला मान वर करवेना.

“फक्त स्वयंपाकाचं नको,” काकू म्हणाल्या.