पानाखालचा पत्ता

छायाची स्वतःची एक वेबसाइट होती आणि घरात कुणालाही त्याचं विशेष काही वाटत नव्हतं. सातपूरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत ती टेस्टिंगचं काम करायची. कंपनीच्या बसमध्ये, कपड्यांच्या घड्या घालताना, भाजी निवडताना ती तंत्रज्ञानावरचे पॉडकास्ट ऐकायची आणि ऐकलेल्या प्रत्येक भागाची नोंद आपल्या वेबसाइटवर करून ठेवायची. तारीख, कार्यक्रमाचं नाव, बोलणारे कोण, विषय काय आणि शेवटी पाचपैकी किती तारे. सगळं इंग्रजीत, सगळं नीटनेटकं. लॉकडाऊनमध्ये लागलेली ही सवय तिने पुढेही सोडली नाही. वाचायला कुणी फिरकत नसे. त्याचं आपल्याला काही वाटत नाही, असं ती स्वतःला सांगायची.

गणपतीला निफाडजवळच्या गावी सगळे जमले होते, तेव्हा धाकटी जाऊ पूजा मोदकाच्या पाऱ्या लाटता लाटता तिला म्हणाली, "ताई, तुम्ही ते ऐकलेलं लिहून ठेवता ना, तसं मला पण करून द्या ना. मी बसमध्ये लय ऐकते, पण दुसऱ्या दिवशी काय ऐकलं तेच आठवत नाही."

पूजा द्राक्षं परदेशी पाठवणाऱ्या एका पॅकहाउसच्या ऑफिसात कामाला होती. घरात आजवर कुणी छायाला या वेबसाइटबद्दल एका शब्दाने विचारलं नव्हतं. तिला मनापासून बरं वाटलं. नाशिकला परतल्यावर तिने आपल्याच साइटचा साचा उचलला, रंग बदलला आणि पूजासाठी नवीन साइट उभी केली.

"नाव काय देऊ?" तिने फोनवर विचारलं.

"कानावर आलेलं."

"हे काय नाव झालं?"

"मग तुम्ही सुचवा."

छायाला काही सुचलं नाही. तेच नाव राहिलं.

पूजा मराठीत लिहायची. पहिल्याच आठवड्यात तिने लिहिलं, "आज क्लाउडवरचा भाग ऐकला. शेजारच्या मावशी कोथिंबिरीची जुडी माझ्या मांडीवर ठेवून झोपल्या, त्यामुळे मागे नेऊन पुन्हा ऐकता आलं नाही. जेवढं कळलं तेवढं सांगते. आपले फोटो ढगात नसतात, कुणाच्या तरी गोदामात असतात, आणि त्या गोदामालाही आपल्या द्राक्षांसारखी थंडी लागते. बाकीचं मला कळलं नाही."

छाया वाचून हसली. कौतुकानेच हसली. दोन शब्द चुकले होते, तेही तिने फोन करून सांगितले.

मग एका रविवारी संतोष, छायाचा नवरा, सोफ्यावर आडवा पडून मोबाइल बघत असताना मोठ्याने हसला. "ही पूजा भारी लिहिते गं," तो म्हणाला.

"माझी साइट बघितलीस कधी?"

"तुझी कामाची असते ना. मला काय कळणार त्यातलं?"

तो चांगल्याच हेतूने बोलला होता. छाया स्वयंपाकघरात गेली आणि तिने घासलेलीच कढई पुन्हा घासायला घेतली.

त्या दिवसापासून तिला एक खोड लागली. दोन्ही साइट तिच्याच खात्यावर असल्याने कुठे किती माणसं आली हे तिला दिसायचं. सकाळी चहाचं आधण ठेवायच्या आधी ती ते उघडून बघायची. आलेखात तिची स्वतःची रेघ जमिनीला चिकटलेली. पूजाची दोडक्याच्या वेलासारखी वर वर चाललेली. लोक पूजाच्या नोंदी एकमेकांना पाठवत होते. कुणी पुण्याचं, कुणी सांगलीचं, कुणी थेट दुबईहून. छायाला वाटायचं, साचा माझा, खातं माझं, हौसही मुळात माझीच. आणि जिला निम्मं कळतही नाही, तिचं वाचायला एवढी माणसं.

एकदा तिनेही मराठीत लिहून बघितलं. कंपनीच्या बसची गंमत घातली, आपल्याला एक गोष्ट कळली नाही असंही घातलं. खरं तर ती गोष्ट तिला चांगली कळली होती. लिहिलेलं वाचून तिला दुसऱ्याचं ब्लाउज अंगात चढवल्यासारखं झालं. तिने सगळं पुसून टाकलं.

डिसेंबरात, ऑफिसात जेवणाचा डबा उघडता उघडता तिला एक ईमेल आली. 'चालू-बंद' नावाचा मराठी पॉडकास्ट ती नेहमी ऐकायची. तो चालवणाऱ्या ओमने लिहिलं होतं. "तुमची पॉडकास्टच्या नोंदींची वेबसाइट आम्ही सगळे आवडीने वाचतो. तुम्हाला आमच्या कार्यक्रमात पाहुण्या म्हणून बोलवायचं आहे."

छायाने डब्याचं झाकण तसंच हातात धरलं. इतक्या वर्षांनी कुणीतरी वाचलं होतं. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणाली, "काय गं, एवढी का हसतेस?" छाया "सांगते" म्हणाली आणि पुढची ओळ वाचायला लागली.

"'मला हे कळलं नाही' असं तुम्ही ज्या मोकळेपणाने लिहिता, ते आम्हाला फार आवडतं. आणि त्या कोथिंबिरीच्या मावशी."

तिचे कान तापले. पूजाची साइट बनवताना साचा उचलला होता, त्यात पानाच्या तळाशी संपर्काचा पत्ता छायाचाच राहून गेला होता. पत्र पूजाचं होतं. फक्त तिच्या दारात पडलं होतं.

"काही नाही," ती मैत्रिणीला म्हणाली आणि जेवायला लागली.

संध्याकाळी पाठवू, असं तिने ठरवलं. संध्याकाळी वाटलं, उद्या. दुसऱ्या दिवशी तिने मेल उघडली, पूजाचा पत्ता घातला आणि बंद केली. आठवडा गेला तशी ती मेल खाली खाली सरकत गेली, आणि ती डोळ्यांआड झाली की छायाला बरं वाटायचं. मध्ये पूजाचा फोन आला, द्राक्षांचं, सासूबाईंच्या गुडघ्यांचं बोलणं झालं. छाया अगदी गोड बोलली. तेवढं गोड ती एरवी बोलत नसे.

संक्रांत उलटून गेल्यावर कंपनीच्या बसमध्ये ती 'चालू-बंद'चा नवा भाग ऐकत होती. शेवटी ओम म्हणाला, "'कानावर आलेलं' लिहिणाऱ्या ताईंना आम्ही पत्र पाठवलं होतं. उत्तर आलं नाही. ऐकत असाल तर कळवा, आम्ही वाट बघतोय."

पूजा हा पॉडकास्ट ऐकतेच, हे छायाला ठाऊक होतं. दिवसभर तिने फोन जवळ ठेवला. फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

रविवारी सकाळी पूजा स्वतःच दारात उभी राहिली. सासूबाईंनी दिलेली मेथी तिने ओट्यावर ठेवली. संतोष अंघोळीला गेला होता. पूजा खुर्चीवर बसली आणि सरळ म्हणाली, "ताई, माझ्या पानाखाली पत्ता तुमचा आहे."

"हो. बदलायचा राहिला."

"मग पत्र आलं असेल."

छाया गॅसजवळ उभी होती. "आलं," ती म्हणाली.

"कधी?"

"डिसेंबरात."

पूजाने पर्स मांडीवर ओढली. "स्पॅममध्ये गेलं होतं म्हणाला असतात, तर मी मानलं असतं."

"माहीत आहे."

"मग का नाही म्हणालात?"

"इतके दिवस तेच म्हणायचं ठरवत होते. तू समोर बसलीस आणि नाही जमलं." छायाने गॅस बंद केला. "मला आधी वाटलं, ते मलाच आहे. मैत्रिणीला सांगणारही होते. मग कळलं तुला आहे. त्यानंतर हातच होईना पाठवायला."

"माझा राग येतो तुम्हाला?"

"राग नाही गं. जळते मी."

पूजाला रडू येईल असं छायाला वाटलं होतं. पूजा चिडली. "त्या मोठ्या ऑफिसात तुम्ही बसता. घरात काही निघालं की छायाला विचारा, छायाला कळतं, असं म्हणतात. सासूबाई मला तुमचं उदाहरण देतात. मी कधी तुमचं काही अडवून ठेवलं का?"

"नाही."

"आता पाठवा. माझ्यासमोर."

छायाने मोबाइल घेतला आणि ती मेल शोधून पाठवली. पूजाच्या पर्समध्ये फोन वाजला. चहा न घेता ती निघून गेली.

पूजाने ओमला लिहिलं आणि त्याचं उत्तर लगेच आलं. पण बोलायचं कुठून, हा प्रश्न होता. द्राक्षांची काढणी सुरू होती, गावच्या घरात ट्रॅक्टर, मजूर, पाहुणे यांचा गलका. शेवटी पूजाने फोन केला. "तुमची आतली खोली शांत आहे. शनिवारी येऊ का?"

"ये की. विचारायचं काय त्यात?"

"विचारलेलं बरं," पूजा म्हणाली.

शनिवारी पूजा आतल्या खोलीत दार लावून बसली. छायाने मिक्सर लावला नाही, संतोषला टीव्ही बंद करायला लावला, खालच्या मजल्यावरच्यांना ड्रिल थांबवायची विनंती करून आली. मग बाहेर भिंतीला टेकून बसली. आतून पूजाचं हसणं ऐकू येत होतं. पूजा सांगत होती, अडत होती, पुन्हा सुरू करत होती. मध्येच ती म्हणाली, "मला हे माझ्या जाऊबाईंनी शिकवलं." छाया दाराकडे सरकली. पूजा पुढे बसमधल्या एका कंडक्टरची गोष्ट सांगायला लागली. तेवढंच. छाया त्याहून जास्तीची वाट बघत होती, आणि जास्त काही आलं नाही, म्हणून तिला पुन्हा पूजाचा हेवा वाटला.

पूजा बाहेर आली तेव्हा तिचे गाल लाल झाले होते. "ऐकू येत होतं का?"

"थोडंफार. छान बोललीस."

"तुमचं नाव घ्यायचं ठरवलं होतं. ऐनवेळी नाही आलं तोंडातून."

"असू दे."

"ताई, माझ्या साइटचा मुख्य पासवर्ड द्या. पत्ता मीच बदलते."

छायाने तो कागदावर लिहून दिला. पूजाने तिच्यासमोर बसून पत्ता बदलला, मग पासवर्डही बदलला. छायाने बघितलं आणि चहा ओतला. या वेळी पूजाने तो घेतला.

संध्याकाळी छाया तिला स्कूटीवरून निमाणीच्या स्टँडवर सोडायला गेली. निफाडची गाडी उभीच होती. पूजाला खिडकीजवळची जागा मिळाली.

"पोचलीस की फोन कर," छाया खालून म्हणाली.

"करते."

गाडी हलली. पूजा हेडफोनची वायर सोडवत होती. आज ती काय ऐकेल आणि उद्या त्यावर काय लिहील, याचा विचार छायाच्या मनात आलाच. आणि सकाळी आपण ते सगळ्यांच्या आधी उघडून वाचणार, हेही तिला कळून चुकलं होतं.