उरलेल्या एकवीस गोळ्या

मित्रांनो, मी एक जुनी औषधवही आहे. तळहाताएवढी, फिकट हिरव्या कव्हराची, कोपरे दुमडलेली. जपानमध्ये घरोघरी माझ्यासारखी वही असते. दवाखान्यातून माणूस औषधाच्या दुकानात गेला, की तिथला फार्मासिस्ट औषधाचे नाव, मात्रा आणि तारीख छापलेली चिठ्ठी माझ्या पानावर चिकटवतो. पुढे कोणत्याही डॉक्टरकडे गेले, तरी मला उघडले की सगळे कळते. निदान मला तरी तसे वाटत असे.

माझा जन्म एका छापखान्यात झाला, पण आयुष्य सुरू झाले ते सेंदाई शहरातल्या एका छोट्या औषधाच्या दुकानात. तिथले फार्मासिस्ट कोमात्सु-सान (जपानीत नावापुढे आदराने 'सान' लावतात) यांनी मला दोन्ही हातांनी उचलले आणि उत्तराच्या हातात दिले. उत्तरा मूळची साताऱ्याची. इथल्या विद्यापीठात ती भाताच्या मुळांवर संशोधन करत होती. तिचा नवरा प्रसन्न इथेच एका कंपनीत नोकरीला होता. त्या दिवशी उत्तराच्या गालांवर लाल चट्टे होते आणि बोटे इतकी सुजली होती, की पेन धरून माझ्यावर नाव लिहायला तिला बराच वेळ लागला.

तिला ल्युपस झाला होता. आपल्या शरीरात रोगजंतूंशी लढणारे सैनिक असतात ना, ते या आजारात आपल्याच माणसांवर चालून जातात. कधी सांध्यांवर, कधी त्वचेवर, कधी मूत्रपिंडांवर. आजार पूर्ण जात नाही, पण औषधांनी शांत राहतो. माझी पाने चिठ्ठ्यांनी भरत गेली, तसे तिच्या गालांवरचे चट्टे फिके होत गेले. मला स्वतःचा फार अभिमान वाटू लागला.

दोन वर्षांनी एक दिवस तिने आपल्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टर ओइकावांना (इथे डॉक्टरांना 'सेन्सेई' म्हणतात) विचारले, "सेन्सेई, मला बाळ हवंय. होऊ शकेल का?"

"होऊ शकेल," त्या म्हणाल्या, "पण आज नाही. आधी औषधं बदलू. मग सहा महिने आजार शांत राहिला, तर पुढचं पाऊल."

त्यांनी मला जवळ ओढले आणि एका चिठ्ठीवर लाल रेघ मारली. ते औषध पोटातल्या बाळाला अपाय करणारे होते. त्याच्या जागी गरोदरपणात चालणारे दुसरे औषध आले. हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन या लांबलचक नावाच्या गोळीभोवती मात्र त्यांनी गोल काढला. "ही बाळ पोटात असतानाही चालू ठेवायची." उत्तराने त्या गोलाशेजारी मराठीत लिहिले, 'ही चालूच.'

सहा महिने झाले. तपासण्या चांगल्या आल्या. आणखी चार महिन्यांनी उत्तराला दिवस गेले. प्रसन्नने साताऱ्याला आपल्या आईला, लीलावतीबाईंना, व्हिडिओ कॉल लावला. त्या आनंदाने रडल्या. मग त्यांची नजर टेबलावरच्या गोळ्यांच्या पाकिटांवर गेली.

"उत्तरा, हे सगळं तू अजून घेतेस?"

"हो आई, डॉक्टरांनी सांगितलंय."

"अगं, पोटुशी बाई साधी डोकेदुखीची गोळी घेत नाही! आमच्या वेळी असं नव्हतं बाई."

त्यांच्या बोलण्यात काळजीच होती. पण त्या काळजीने उत्तराच्या मनात घर केले. फोनवर ती नको नको ते वाचत बसू लागली. चौथ्या महिन्यात एका सकाळी तिने माझ्यात गोल काढलेली ती गोळी पाकिटातून काढली, हातात धरली आणि परत ठेवून दिली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिने प्रसन्नला सांगितले नाही. माझ्यातही काही लिहिले नाही.

मित्रांनो, ते दिवस मला आजही टोचतात. माझ्या पानावर चिठ्ठी होती, तारीख होती, 'ही चालूच' असे स्वच्छ अक्षर होते. कोणीही मला उघडले असते, तर मी खोटेच सांगितले असते.

औषधे संपायच्या दिवशी उत्तरा दुकानात गेली. मला पुढे करून ती कोमात्सु-सानना म्हणाली, "ही एक गोळी आज नको. घरी पुष्कळ आहेत."

कोमात्सु-साननी माझे पान उघडले. मग कॅलेंडरकडे पाहिले. ते नेहमी तिच्याशी सावकाश, सोप्या जपानीत बोलत. "अठ्ठावीस दिवसांच्या दिल्या होत्या. आज अठ्ठाविसावा दिवस. किती उरल्या आहेत?"

उत्तराने हात मागे घेतले. तिची बोटे पुन्हा सुजली होती. गरोदरपणात अंग सुजतेच, अशी तिने स्वतःची समजूत घातली होती.

"एकवीस," ती शेवटी म्हणाली आणि तिथेच रडू लागली. "बाळाला काही होईल, अशी भीती वाटली."

कोमात्सु-सान रागावले नाहीत. त्यांनी तिला खुर्ची दिली आणि डॉक्टरांना फोन लावला. मग माझ्या पानावर बारीक अक्षरात लिहिले, 'एकवीस गोळ्या घेतल्या नाहीत.' इतके खरे वाक्य माझ्यात पूर्वी कोणी लिहिले नव्हते.

डॉक्टर ओइकावांनी तिला त्याच दुपारी बोलावले. प्रसन्न कामावरून धावत आला. लघवीच्या तपासणीत प्रथिने वाढलेली निघाली, म्हणजे आजार मूत्रपिंडांकडे वळू लागला होता.

"गोळी थांबवल्यामुळेच हे झालं, असं मी खात्रीनं सांगणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "पण एक नक्की सांगते. ही गोळी कितीतरी गरोदर बायकांनी घेतली आहे आणि तिनं बाळांना अपाय झाल्याचं दिसलेलं नाही. तुमचा आजार उसळला, तर मात्र बाळाला धोका आहे. भीती वाटली तर मला फोन करा. भीती वाटणं चूक नाही, एकटीनं ठरवणं चूक आहे."

"मला तरी सांगायचंस," बाहेर आल्यावर प्रसन्न हळूच म्हणाला.

"आता सांगेन," उत्तरा म्हणाली.

ती गोळी पुन्हा सुरू झाली. दुसऱ्या एका औषधाची मात्रा काही आठवडे वाढवावी लागली. दर पंधरा दिवसांनी तपासणी होऊ लागली. पाचव्या महिन्याच्या शेवटी आकडे खाली आले, तेव्हा डॉक्टरांनी माझ्यावर पेन आपटून "छान!" म्हटले. मला जरा लागले, पण चालेल.

सहाव्या महिन्यात लीलावतीबाई सेंदाईला आल्या. प्रसन्नने फोनवर त्यांना सगळे सांगितले होते. पहिल्याच सकाळी त्यांनी चष्मा लावून माझे पानन् पान पाहिले. जपानी अक्षरे त्यांना वाचता येईनात, म्हणून त्यांनी उत्तराकडून प्रत्येक गोळीचे नाव मराठीत लिहून घेतले. तेव्हापासून रोज नाश्त्यानंतर त्या समोर बसत, उत्तरा गोळी गिळे आणि मग त्या माझ्यावर बरोबरची खूण करत.

सातव्या महिन्यात उत्तराची पाठ फार दुखू लागली. लीलावतीबाईंनी साताऱ्याहून आणलेल्या पिशवीतून आपली दुखण्यावरची गोळी काढली आणि पाण्याचा पेलाही भरला. मग त्यांचा हात थबकला.

"ही वहीत आहे का गं?"

"नाही, आई."

"मग आधी विचार."

उत्तराने दवाखान्यात फोन केला. ती गोळी या महिन्यांत बाळाच्या हृदयाला धोक्याची, असे उत्तर आले. त्याऐवजी चालणारे औषध त्यांनी सांगितले. लीलावतीबाईंनी पेल्यातले पाणी स्वतःच पिऊन टाकले. "बरं झालं, विचारलं," त्या एवढेच म्हणाल्या.

सदतिसाव्या आठवड्यात चित्राचा जन्म झाला. अडीच किलोची, खणखणीत आवाजाची. बाळंतपणानंतर आजार पुन्हा उसळू शकतो, म्हणून माझे काम थांबले नाही. चित्रा तीन महिन्यांची झाली, तेव्हा माझे शेवटचे पान भरले आणि मी कपाटाच्या खणात आले. माझ्या जागी नवी वही आहे. मला त्याचे वाईट वाटते, पण थोडेच.

मित्रांनो, तुमच्या घरात कोणी रोज औषधे घेत असेल, तर त्यांच्याजवळ बसा. विसरलेली गोळी, थांबवलेली गोळी, कोणी प्रेमाने दिलेली गोळी, हे सगळे लिहून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. आमच्या पानांवर जेवढे खरे उतरते, तेवढाच आमचा उपयोग.

साताऱ्याला परत जाण्याच्या आदल्या दिवशी लीलावतीबाई उत्तराला म्हणाल्या, "मी रक्तदाबाची गोळी बरं वाटलं की सोडून देते. कोणाला सांगितलं नव्हतं." उत्तराने दुकानातून एक कोरी वही आणली आणि त्यांच्या हातात दिली. त्यांनी आधी पिशवीतली आपली गोळी काढून गिळली आणि मग पेन मागितले. पहिल्या पानावर तारीख घातली आणि तिच्याखाली लिहिले, 'आज गोळी घेतली नव्हती. आता घेतली.'