निम्मी खोट

लिफ्ट दुरुस्त करायला शाफ्टच्या खोल पोकळीत उतरताना मला दरवेळी भीती वाटते. तरी मी उतरते. बाबा त्या भीतीला कायम नाटकं म्हणत आले.

आज डॉक्टरीणबाईंनी त्यासाठी केलेल्या तपासणीचा निकाल सांगितला. शरीरातली मिथायलेशन नावाची रासायनिक प्रक्रिया मंदावणारा जनुकातला बदल मला आईकडूनही आलाय आणि वडिलांकडूनही. मेंदूतल्या रसायनांवर परिणाम होऊन त्यामुळे भीती वाटत असेल, पण खात्री देता येत नाही, म्हणाल्या.

घरी हे सांगताच बाबांनी फैसला केला. "रक्तातच खोट आहे. सोड ती नोकरी."

"नाही सोडणार. आणि खोट असलीच, तर निम्मी तुमची आहे."

संध्याकाळी दोघं बाहेर निघालो. बाबांनी कुलूप ओढून पाहिलं, जिना उतरले आणि पुन्हा वर जाऊन ओढलं.

"नाटकं पुरे," मी खालून म्हटलं. "चला."