खलनायकाच्या हातचा चहा

आमच्या यांच्या हातचा चहा कारधा गावात कोणी पिईना, कारण यांनी माणसं मारली होती. तीही दुधात विष कालवून, भर मंडपात, तिकीट काढून बसलेल्या लोकांसमोर. झाडीपट्टीच्या नाटकांत टेकचंद म्हणजे खलनायक, हे भंडाऱ्यापासून वडशापर्यंत लेकराबाळांनाही ठाऊक. दिवाळी झाली की कंपनीची गाडी यांना घेऊन जायची आणि होळीला परत आणून टाकायची. अख्खा हिवाळा मी एकटी. धानाचं चुरणं-मळणी असो की सासूबाईंचं आजारपण, सगळं मीच ओढलं. यंदा मात्र माझं डोकं फिरलं. मी सरळ सांगितलं, "कंपनी तरी ठेवा, नाई तर मले तरी ठेवा."

यांनी मला ठेवलं, पण अट घालून. नदीच्या पुलाजवळ चहाची टपरी टाकायची, दिवाळीपर्यंत चालली तर घरी राहायचं, नाही चालली तर कंपनीच्या मालकाला होकार कळवायचा. मी म्हटलं, चहा कोण पीत नाही? चालेल की.

पहिल्या दिवशी गर्दी झाली. लोक बाकावर बसले, चहा मागवला, ग्लास हातात घेतले, आणि ग्लासाकडे पाहत बसले. मग एकेक जण ग्लास अलगद खाली ठेवून निघून गेला. आता लोक काही बावळट नाहीत. नाटक खोटं असतं हे त्यांच्या डोक्याला कळतं. त्यांच्या घशाला कळत नाही, त्याला कोण काय करणार?

आमच्या गल्लीतल्या ताराबाई तर चहाला आल्याच नव्हत्या, भांडायला आल्या होत्या. "त्या सुनेनं तुयं काय बिघडवलं होतं रे? गरीब गायीवानी पोरगी. काहून मारलं तिले?"

"ताराबाई, थे पोरगी जित्ती आहे. तिनं सावनेरले ब्यूटी पार्लर टाकलं," हे म्हणाले.

"मारून वरून खोटं बोलून राहिला," म्हणत ताराबाई निघून गेल्या.

यांनी मिशी काढून टाकली. त्याने आणखीच बिघडलं. तिसऱ्या अंकात हे वेष बदलून येतात, ते सगळ्यांना पाठ होतं. देवाचा फोटो लावला, तर लोक म्हणाले, विष कालवायच्या आधी हा पूजाच करत असतो. शेवटी मी पुढे झाले. म्हटलं, प्रत्येक ग्लासातला पहिला घोट मी घेते, मग तर प्याल?

लोकांना ते पटलं. पण घोट घेतल्यावर मी मरते की नाही हे पाहायला ते थांबू लागले. माझ्याकडे टक लावून बसायचे. मी मरत नाही अशी खात्री पटेपर्यंत चहा थंड. मग म्हणायचे, "वहिनी, गरम करून द्या." गरम केला की तो यांच्या हातून पुन्हा आला, म्हणजे पुन्हा घोट. मला इतकं पित्त झालं की भात दिसला तरी मळमळायचं. टपरी चालत नव्हती ती नव्हतीच. धान पिवळं पडत चाललं होतं, दिवाळी जवळ येत होती, आणि मी चिडून चिडून अर्धी झाले होते.

एक दिवस मनिष नावाचा टेंपोवाला आला. माझा घोट झाला, मी जिवंत राहिले, तरी त्याचा हात उठेना. म्हणाला, "टेकचंदभाऊ, तसाच पाजा ना बाप्पा. नाटकात पाजता तसा. असा अर्धामुर्धा भेव कायले ठेवता?"

हे कंटाळले होते. त्यांनी भुवई चढवली, ग्लास उचलला आणि छातीतून आवाज काढला, "पी, बाळा, पी. यात दूध नाही, तुझं नशीब आहे." वर ते गडगडाटी हसू. मनिषने एका दमात ग्लास रिकामा केला, गळा धरला, दोन गिरक्या घेतल्या आणि बाकाखाली जाऊन मेला. थोड्या वेळाने उठून म्हणाला, "चाय मस्त आहे."

दुसऱ्या दिवसापासून रांग लागली. भंडाऱ्याहून पूल ओलांडून लोक मरायला येऊ लागले. कोणी तडफडून मरे, कोणी आईला हाक मारून. निवृत्त तलाठी मारोतराव मरताना इतका वेळ लावायचे, की मागचे ओरडायचे, "काका, उरका ना आता." ताराबाई आपल्या सुनेला घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "इले एक पाज. जरा जास्तच पाज."

टपरी चालली. मला आनंद व्हायला हवा होता, आणि चार दिवस झालाही. पण हे घरी येऊन जेवायला बसले की मीठही त्याच आवाजात मागायचे. "अरी पुष्पा, थकलीस का," असं विचारायचे ते पहिल्या अंकातल्या गोड काकासारखं. मला भीती वाटू लागली. हिवाळाभर घरी राहील तो कोण राहील?

दिवाळी झाली, मंडयांचा, म्हणजे गावोगावच्या जत्रा-नाटकांचा, हंगाम तोंडावर आला, आणि वडशाहून कंपनीचे मालक धनीराम स्वतः गाडी घेऊन टपरीवर आले. नवा खलनायक कोणाला घाबरवतच नव्हता म्हणे. रांगेतल्या लोकांसमोरच ते म्हणाले, "टेकचंद, चहा बहुत झाला. बस गाडीत. पब्लिक तुले मांगून राहिली." लोक खूश झाले. मी यांच्याकडे पाहिलं.

यांनी गाळणी खाली ठेवली. म्हणाले, "मालक, मी येत नाई. मले आता घरी राहाचं आहे. पुष्पा एकटी राहून राहून थकली. मी बी थकलो."

मग ताराबाईंनी पदर डोळ्याला लावला, मारोतरावांनी टाळी वाजवली आणि रांगेतून आवाज उठला, "वन्स मोअर."

आमच्याकडे वन्स मोअर आला की नटाने तो संवाद पुन्हा म्हणायचाच. हे तर एकदा मेलेल्या सुनेला उठवून, लोकांसाठी तिला दुसऱ्यांदा मारून आलेले. वन्स मोअर यांनी आजवर मोडला नव्हता. आणि मला, यांच्या बायकोला, यांच्या तोंडाकडे पाहून कळेना की आता हा संवाद होता की हा माणूस बोलला. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

"वन्स मोअर," लोक पुन्हा म्हणाले. मालक हसले. "म्हन ना रे. काय आवाज लावला होता, मायाच डोळ्यात पानी आलं."

यांनी तोंड उघडलं. हे पुन्हा म्हणाले असते, तर मी स्वतः यांची पिशवी भरून गाडीत ठेवली असती.

यांनी तोंड मिटलं. घमेल्यातले उष्टे ग्लास उचलले, आणि लोकांकडे पाठ करून नळाशी धुवायला बसले. लोक वाट पाहत बराच वेळ उभे होते. मी जाऊन यांच्याजवळ बसले आणि धुतलेला एकेक ग्लास पदराने पुसायला लागले.